तेवीस वाव पाण्याखालचा ट्रॉलर

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे पेंटलंड फर्थ नावाची सामुद्रधुनी आहे. तिच्या प्रवाहांचा धाक दर्यावर्दी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बाळगला आहे. ती ओलांडली म्हणजे ऑर्क्ने बेटे लागतात. आणि या बेटांनी चहूंबाजूंनी वेढलेले स्कापा फ्लो हे जे विस्तीर्ण नैसर्गिक बंदर आहे, त्याचे नाव जगभरच्या पाणबुड्यांच्या तोंडी असते ते तेथे बुडालेल्या जर्मन आरमारामुळे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ७४ जर्मन जहाजे तेथे नजरकैदेत ठेवण्यात आली होती, आणि २१ जून १९१९ रोजी त्यांचा सेनापती लुडविग फॉन रॉयटर याने, ती शत्रूच्या हाती जाण्यापेक्षा तळाला गेलेली बरी असे ठरवून, सर्वच जहाजे बुडविण्याचा हुकूम सोडला. त्या दिवशी ५२ जहाजे बुडाली. त्यांतली बहुतेक पुढे वर काढून भंगारात विकली गेली. परंतु तीन प्रचंड युद्धनौका आणि चार क्रूझर अद्याप तळाशीच आहेत, आणि त्या पाहण्यासाठी दरसाल देशोदेशींचे पाणबुडे स्ट्रॉमनेस या लहानशा बंदरात मुक्कामाला येतात.

या सात जहाजांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याच बंदराच्या दक्षिण प्रवेशद्वारी, होक्सा साउंड या जलमार्गात, सुमारे ४२ मीटर खोलीवर, म्हणजे कोकणातल्या तांडेलाच्या मापाने तेवीस वाव पाण्याखाली, उजव्या कुशीवर पडलेली एक मासेमारी नौका हा आहे. तिच्यावर तोफा नाहीत, तिने कोणतीही लढाई पाहिलेली नाही, आणि इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत तिला एक ओळही मिळण्याचा संभव नाही. तरीही जो समुद्राकडे माणसाच्या उपजीविकेचे क्षेत्र म्हणून पाहतो, त्याला ही नौका त्या पोलादी राक्षसांपेक्षा अधिक काही सांगते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नौकेचे नाव 'जेम्स बॅरी'. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल बंदरातील न्यूइंग्टन या मासेमारी कंपनीने आपल्या नौकांना ग्रंथकारांची नावे देण्याचा सुंदर प्रघात पाडला होता. जोसेफ कॉनरॅड, सॉमरसेट मॉम, रुडयार्ड किपलिंग, हॅमंड इनेस ही नावे त्या कंपनीच्या नौकांच्या नाळेवर रंगविलेली असत. 'पीटर पॅन' या १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकाचा कर्ता जेम्स बॅरी हा स्कॉटलंडमधल्या एका हातमाग विणकराचा मुलगा. त्याच्या नावाच्या नौकेला अखेरचा विसावा स्कॉटलंडच्याच पाण्यात मिळावा, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे. १९६९ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस ही नौका पेंटलंड फर्थमधील लाउदर या खडकावर चढली. खलाशी सुखरूप सुटले. पुढे भरतीच्या पाण्याने ती खडकावरून मोकळी झाली आणि तिला दोराने ओढून स्कापा फ्लोच्या आश्रयाला नेण्याची तजवीज झाली. परंतु फुटलेल्या तळातून पाणी आत येतच राहिले, आणि सुरक्षित बंदराच्या उंबरठ्याशी येऊन ती बुडाली.

त्या खलाशांचे सुखरूप सुटणे किती मोलाचे होते, हे समजण्यासाठी त्याच महिन्यातील दुसरी एक घटना ध्यानात घेतली पाहिजे. अवघ्या काही दिवसांपूर्वी, १७ मार्चच्या रात्री, 'आयरीन' नावाचे मालवाहू जहाज त्याच परिसरात संकटात सापडल्याची खबर लागताच लाँगहोप येथील जीवरक्षक नौका तुफानात बाहेर पडली, आणि उलटून तिच्यावरचे आठही जण प्राणास मुकले. एका लहानशा वस्तीतली कर्ती माणसे, त्यांत बाप आणि मुलगे, एका रात्रीत गेली. 'जेम्स बॅरी'चे खलाशी जिवंत किनाऱ्याला लागले ते या दुःखाचे अश्रू सुकण्यापूर्वी.

हलच्या दर्यावर्दी समाजालाही असे दुःख नवे नव्हते. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, 'सेंट रोमॅनस', 'किंग्स्टन पेरिडॉट' आणि 'रॉस क्लीव्हलँड' हे त्या बंदराचे तीन ट्रॉलर काही आठवड्यांच्या आत एकापाठोपाठ एक नाहीसे झाले आणि ५८ माणसे गेली. तिसऱ्या नौकेवरचा केवळ एक माणूस वाचला. आइसलँडच्या बाजूला हिवाळ्यात वाऱ्याबरोबर उडणारे पाणी डोलकाठीवर, दोरखंडांवर, कठड्यांवर पडताक्षणी गोठते, आणि खलाशांनी कुऱ्हाडींनी ते अहोरात्र फोडले नाही तर माथा जड होऊन नौका कलंडते. या आपत्तीनंतर लिलियन बिलोका या कोळीणबाईच्या पुढाकाराने तेथल्या स्त्रिया रस्त्यावर आल्या. प्रत्येक ट्रॉलरवर रेडिओचालक असलाच पाहिजे, अशी त्यांची एक मागणी होती, कारण बेपत्ता झालेल्या पहिल्या नौकेवर तो नव्हता. सरकारला त्यांचे म्हणणे ऐकावे लागले. याच कालखंडात आइसलँडने आपली सागरी हद्द वाढवीत २०० मैलांवर नेली, ब्रिटनशी त्याचे तीन वेळा तंटे झाले, आणि १९७६ साली शेवटचा तंटा मिटला तेव्हा हलचा दूरच्या पाण्यातला धंदा मोडीत निघाला. त्या काळच्या नौका बहुतेक भंगारात गेल्या. म्हणून होक्साच्या तळाशी पडलेली ही नौका एका समूळ गेलेल्या धंद्याचा दस्तऐवज आहे, आणि तो वाचण्यासाठी पाण्याखाली उतरावे लागते.

उतरणे मात्र सोपे नाही. पहिली अडचण प्रवाहाची. स्कापा फ्लोच्या मध्यभागी, जेथे जर्मन जहाजे आहेत, पाणी बरेचसे संथ असते. पण होक्सा साउंड हा त्या बंदराचा दरवाजा असल्यामुळे भरती-ओहोटीचे पाणी तेथून जोराने आत-बाहेर करते. दोन्हींच्या मध्ये पाणी काही वेळ थांबते. तेवढ्या अवधीत बुडी आटोपावी लागते. स्ट्रॉमनेसहून पाणबुड्यांना घेऊन जाणाऱ्या नौकांपैकी कित्येक एके काळच्या मासेमारी नौकाच आहेत, आणि त्यांचे नावाडी भरती-ओहोटीचे वेळापत्रक हाती असूनही शेवटचा निर्णय दोराला बांधलेल्या तरंडाकडे पाहूनच घेतात. तरंड पाण्याखाली ओढला जात असेल तर कोणी उतरत नाही. तो सरळ उभा राहिला, दोर सैल पडला, की पाणबुडे एकामागून एक उडी घेतात.

दुसरी अडचण खोलीची, आणि ती निव्वळ गणिताची आहे. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. तेव्हा ४२ मीटरवर माणूस, वरच्या हवेचा दाब धरून, पाच वातावरणांहून अधिक दाबाखाली असतो. फ्रान्समध्ये १९४३ साली झाक-इव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी जे श्वसनयंत्र सिद्ध केले, त्याची खुबी हीच, की ते पाणबुड्याला भोवतालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा हवी तेव्हा पुरविते. अन्यथा त्या दाबाखाली छाती फुगविणेच अशक्य झाले असते. परंतु त्याचा परिणाम असा, की जमिनीवर जो माणूस मिनिटाला २० लिटर हवा घेतो, त्याची टाकी या खोलीवर मिनिटाला शंभर लिटरांहून अधिक वेगाने रिकामी होते. बारा लिटरांच्या टाकीत २३२ बार दाबाने भरलेली हवा वर सुमारे २८०० लिटर भरते. तळाशी ती सव्वीस-सत्तावीस मिनिटांत संपेल, आणि त्यातला मोठा भाग वर येण्यासाठी व आकस्मिक प्रसंगासाठी सोडावी लागते. शिवाय तीस मीटरांखाली हवेतल्या नायट्रोजनची धुंदी चढू लागते, आणि ती चढलेल्या माणसाला आपल्याला काही झाले आहे हे बहुधा उमगत नाही.

नायट्रोजनचा दुसरा उपद्रव अधिक भयंकर आहे. दाबाखाली तो रक्तात आणि मेदात विरघळत राहतो, आणि माणूस घाईने वर आला तर त्याचे बुडबुडे होऊन सांधे व मज्जारज्जू निकामी करतात, प्रसंगी प्राणही घेतात. या रोगावरचा शास्त्रशुद्ध तोडगा ब्रिटिश आरमाराच्या विनंतीवरून जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी काढला. त्यांनी प्रयोगशाळेत बकऱ्यांना दाबाच्या कोठीत ठेवून निरीक्षणे केली, आणि १९०६ साली स्कॉटलंडच्याच पश्चिमेकडील थंड खाडीत डॅमंट आणि कॅटो या आरमारी पाणबुड्यांनी २१० फुटांपर्यंत उतरून त्या निष्कर्षांची परीक्षा केली. टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याची जी कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध झाली, त्यांचीच वंशज आज पाणबुड्यांच्या मनगटावरील संगणकात आहेत. हॉल्डेन यांचा तेरा वर्षांचा मुलगा त्या खाडीच्या मोहिमेत बरोबर होता. त्यालाही एक बुडी मारू देण्यात आली. पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा असल्यामुळे बाह्यांतून पाणी शिरले आणि पोर थंडीने काकडत वर आले. हाच मुलगा पुढे जे. बी. एस. हॉल्डेन म्हणून विख्यात झाला, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास दाब आणि थंडी यांचे धोकादायक प्रयोग त्याने स्वतःच्या देहावर केले, आणि भारताचे नागरिकत्व पत्करून १९६४ साली भुवनेश्वर येथे तो निवर्तला.

त्या मुलाच्या बाह्यांत शिरलेले पाणी हीच तिसरी अडचण, आणि उष्ण देशातून येणाऱ्यास ती सर्वांत अपरिचित. ऑर्क्नेच्या समुद्राचे तापमान हिवाळ्याच्या शेवटी सहा-सात अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि ऐन उन्हाळ्यातही तेरा-चौदा अंशांपलीकडे क्वचितच जाते. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून जी थंडी गच्चीवर सुखद वाटेल, तीच पाण्यात अर्ध्या तासात बोटे बधिर करते. बधिर बोटांना झडप फिरवता येत नाही, सुरी धरता येत नाही, हूक सोडविता येत नाही. आणि थंडीने हातापायांचे रक्ताभिसरण मंदावले म्हणजे त्यांत मुरलेला नायट्रोजनही वर येताना लवकर सुटत नाही. या सर्वांवर इलाज म्हणजे ड्राय सूट. त्याच्या मानेला आणि मनगटांना घट्ट रबरी पट्ट्या असतात, आत लोकरी अंतर्वस्त्रे घालतात, आणि खोलीनुसार छातीवरच्या झडपेतून त्यात हवा सोडतात. ही हवा ऊब देते, पण तिच्यावर ताबा नसेल तर ती पायांकडे धावते आणि माणूस डोके खाली, पाय वर असा अनावर वेगाने पृष्ठभागाकडे फेकला जातो. यंत्रालाही थंडी बाधते. टाकीतली दाबाची हवा झडपेतून प्रसरण पावताना स्वतःच गोठणबिंदूखाली थंड होते. आजूबाजूचे पाणी आधीच गार असेल तर झडपेवर बर्फ धरते, ती उघडीच अडकते, आणि टाकी सूं सूं करीत रिकामी होते. म्हणून अशा पाण्यात खास थंडीसाठी बांधलेली झडप, आणि तीही दुहेरी, बाळगण्याचा दंडक आहे.

एवढी सिद्धता करून जो दोराला धरून खाली सरकतो, त्याला प्रथम हिरवट काळोखच भेटतो. तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो, पुढे पिवळाही मावळतो, आणि वीस-पंचवीस मीटरवर हातातला दिवा लावल्याखेरीज स्वतःच्या हातमोज्याचाही खरा रंग कळत नाही. मग पायाखाली एक मोठी, गोलसर, स्थिर छाया दिसू लागते. ती नौकेची वर आलेली डावी बाजू. जवळ जाऊन दिवा फिरविला म्हणजे जो पत्रा करडा वाटत होता तो सजीव निघतो: पांढरी आणि नारिंगी मृदू प्रवाळे त्यावर दाटीने उभी असतात, मधून मधून पांढऱ्या समुद्रफुलांचे झुबके डोलतात, आणि जेथे पत्रा वाकून कपार झाली आहे तेथून एखादा वाम मासा किंवा निळसर शेवंड बाहेर डोकावतो. वाहते पाणी या जीवांना अन्न आणून देते. ज्या प्रवाहाने पाणबुड्याला वेळ मोजून दिला, त्याच्याच कृपेने ही बाग फुललेली असते.

या प्रकारची नौका ज्याला ओळखता येते त्याला येथे अधिक दिसेल. त्या काळचे ट्रॉलर जाळे पिछाडीवरून न सोडता बाजूने सोडीत, आणि त्यासाठी कठड्यालगत लोखंडाच्या भक्कम कमानी उभारलेल्या असत. कप्तानाच्या कक्षासमोरच्या अजस्र रहाटावरून निघालेला पोलादी दोर या कमानींतून बाहेर जाई, त्याच्या टोकांना लाकूड-लोखंडाच्या जड फळ्या असत, आणि पाण्याच्या रेट्याने त्या फळ्या एकमेकींपासून दूर राहून जाळ्याचे तोंड उघडे ठेवीत. जाळे वर आले की त्यातली मासळी उघड्या डेकवरच्या फळ्यांच्या हौद्यांत ओतली जाई, आणि खलाशी, मग बर्फाचे वादळ असो वा मध्यरात्र, तेथेच उभे राहून एकेक कॉड चिरून साफ करून खालच्या खणात बर्फावर रचीत. अठरा-अठरा तास अशी पाळी चाले; तीन आठवड्यांच्या फेरीनंतर घरी तीन दिवस मिळत. डेकच्या त्या उघड्या, अरुंद जागेसमोर तरंगताना पाणबुड्याने पत्र्यावरचे प्रवाळ जरूर पाहावे, पण येथे माणसे किती दाटीने आणि किती थंडीत उभी राहत होती, याचाही अंदाज घ्यावा. युद्धनौकेवर हे मोजमाप हाती लागत नाही. ती माणसाच्या मापाची नसते.

मासेमारी नौकेच्या अवशेषाला एक धोका विशेषच जडलेला असतो, तो म्हणजे जाळ्यांचा. बुडालेल्या नौकेवर मासे जमतात हे कोळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे आसपास टाकलेली जाळी आणि गळदोर पत्र्यांत अडकून तुटतात आणि तेथेच राहतात. नायलॉन कुजत नाही. ते जाळे धन्याशिवाय मासेमारी करीत राहते. त्यात मासा अडकतो, मरतो, त्याला खायला खेकडा येतो, तोही अडकतो. नेदरलँड्समध्ये २००९ साली काही पाणबुड्यांनी उत्तर समुद्रातील बुडीत जहाजांवरून अशी जाळी कापून काढण्याची चळवळ सुरू केली, आणि ती पुढे अनेक देशांत पसरली. त्या कामाइतके सत्कारणी लागलेले पाणबुड्याचे कौशल्य आम्हांस दुसरे दिसत नाही. अर्थात पाण्यात न दिसणाऱ्या बारीक तारेत पायपंखा किंवा टाकीची झडप गुंतू शकते. म्हणून सुरी, आणि तिच्याबरोबर एक लहान कात्री, हाताला सहज सापडेल अशा दोन जागी ठेवलेली असावी, आणि सोबती हाताच्या अंतरावर असावा.

कायद्याचीही येथे स्पष्ट भूमिका आहे. ब्रिटनमध्ये १९९५ च्या नौकानयन कायद्यान्वये बुडीत जहाजावरून वर आणलेल्या कोणत्याही वस्तूची वर्दी २८ दिवसांच्या आत संबंधित सरकारी अधिकाऱ्याकडे रीतसर द्यावी लागते; मग ती पितळी खिडकी असो की चहाचा पेला. आणि स्कापा फ्लोमध्येच 'रॉयल ओक' ही युद्धनौका आहे, जी १४ ऑक्टोबर १९३९ च्या पहाटे जर्मन पाणबुडीने बुडविली आणि जिच्याबरोबर आठशेहून अधिक माणसे गेली; तिच्यावर सर्वसामान्य पाणबुड्यांस उतरण्याची सक्त मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. मासेमारी नौकांतही अशा असतात. आइल ऑफ मॅननजीक २००० सालच्या जानेवारीत 'सोलवे हार्वेस्टर' सात जणांसह बुडाली, तेव्हा पाणबुडे तिच्यापर्यंत गेले ते मृतदेह वर आणून कुटुंबांच्या स्वाधीन करण्यासाठी, आणि मग ती नौकाच वर काढून तिच्या बुडण्याचा तपास करण्यात आला. 'जेम्स बॅरी'वर कोणाचा मृत्यू झाला नाही, म्हणून तेथे निःशंक मनाने जाता येते.

आपल्याकडे तारकर्लीच्या प्रशिक्षण संस्थेमुळे आणि मालवणच्या किनाऱ्यावरील धंद्यामुळे पाण्याखाली उतरण्याचा नाद मराठी तरुणांत रुजला आहे. नौदलातून २०२४ साली निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका निवतीनजीक तळाशी ठेवून तेथे पाण्याखालील संग्रहालय करण्याची योजनाही महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने हाती घेतली. हे स्वागतार्ह आहे. मात्र सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात शिकलेल्याने तेथले दाखले खिशात घालून थेट ऑर्क्नेला जाऊ नये. ड्राय सूटचे शिक्षण वेगळे घ्यावे आणि आधी उथळ गार पाण्यात त्याची सवय करावी. मनोरंजनासाठी बुडी मारणाऱ्यांच्या अनेक संस्था ४० मीटर हीच कमाल मर्यादा मानतात हे ध्यानात ठेवून नौकेच्या वरच्या बाजूवरच समाधान मानावे, कारण ती तळापेक्षा बरीच उथळ आहे आणि पाहण्यासारखे बहुतेक तेथेच आहे. पाणी त्यातल्या त्यात उबदार असते त्या ऑगस्ट-सप्टेंबरात जावे. आणि होक्साला पोहोचल्यावर नावाड्याने तरंडाकडे पाहून नकार दिला, तर त्याच्याशी हुज्जत न घालता परत फिरावे.